यवतेश्वरच्या धुक्यातलं ऑस्ट्रेलिया

आमच्या गोठ्यात म्हैस नसती तर माझा आणि माझ्या वडिलांचा संबंध त्या वर्षी पुरता तुटला असता. आबांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. पण कामं तर सांगायला हवीत, म्हणून ते म्हशीशी बोलायचे. मी शेण काढत असलो की तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "सांग त्याला, मळ्यातली मोटर बंद कर म्हणावं." मी म्हशीकडं बघून "व्हय" म्हणायचो. म्हैस मधे रवंथ करत उभी. तिच्याइतका निःपक्षपाती पंच मला पुढं कुठल्याच मैदानावर भेटला नाही.

कारण साधं होतं. आबा फौजेतून निवृत्त होऊन आले तेव्हापासून आष्ट्याजवळच्या आमच्या गावातल्या तालमीचे वस्ताद. मी त्यांचा मुलगा आणि पट्ठा, दोन्ही. मुलगा म्हणून मी फार काही बिघडवलं नव्हतं. पट्ठा म्हणून मात्र गावच्या जत्रेत लागोपाठ तीन वर्षं एकाच पैलवानाकडून पडलो. तिसऱ्या वर्षी इतक्या झटपट पडलो की हलगीवाल्याचा हातही अजून तापला नव्हता. त्यानंतर मी लंगोट खुंटीला टांगला आणि इस्लामपुरातल्या एका जिममध्ये लोकांना डंबेल्स उचलून देण्याच्या नोकरीला लागलो. आबांनी निकाल दिला, तोही आईला: "तालीम सोडलेला मानूस ह्या घरात जेवंल, झोपंल. माझ्याशी बोलायचं न्हाई."

त्या जिममध्ये एकदा साताऱ्याच्या कॉलेजात खेळ शिकवणारे एक सर आले. बाजारात बैल बघावा तसं त्यांनी मला चारी बाजूंनी बघितलं आणि विचारलं, अंगावर माणूस आला तर भितोस का? मी म्हटलं, न्हाई. पळता येतं का? मी म्हटलं, लय. हे दुसरं उत्तर खोटं होतं. पण त्यावरच माझी ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये भरती झाली.

ह्या खेळाची थोडक्यात हकिकत अशी. मैदान अंड्यासारखं, चेंडूही अंड्यासारखा. एका बाजूला अठरा माणसं. चेंडू लाथेनं मारायचा, हातात झेलायचा, घेऊन पळायचं, सोबत्याला द्यायचा तर मुठीनं ठोसून द्यायचा. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोनांतून चेंडू लाथेनं घातला की सहा गुण. चेंडूवाल्याला धरून पाडता येतं, पण खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर. दर तीन वर्षांनी ऑस्ट्रेलियात ह्या खेळाची हौशी लोकांची स्पर्धा भरते; पोटासाठी दुसरं काहीतरी करणारी माणसं आपापल्या देशाचा बनियन घालून तिथं जातात. आपल्या देशाचाही संघ जातो हे मला सरांनीच सांगितलं. दर शनिवारी मी एस.टी.नं साताऱ्याला जाऊ लागलो.

आणि एके दिवशी कागद आला. संभाव्य खेळाडूंच्या यादीत माझं नाव होतं. बत्तीस जण संभाव्य, त्यांतले चोवीस जाणार, शेवटची चाचणी जुलैत साताऱ्याला. हे सगळं त्या कागदावर स्वच्छ लिहिलं होतं आणि मला स्वच्छ समजलंही होतं. मी तो आईला दाखवत होतो. आबा ओसरीवर दाढी करत बसलेले. त्यांनी आरशातून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "कवा जायाचं?"

चौदा महिन्यांनी. म्हशीला मधे न घेता. आता अशा वेळी एखादा शहाणा माणूस म्हणाला असता, आबा, अजून नक्की न्हाई. मी म्हणालो, "आगस्टात."

तेवढा एक शब्द. त्या शब्दाची धग आमच्या चुलत्यांना, म्हणजे अण्णांना, संध्याकाळपर्यंत लागली. अण्णा गावातल्या कुणाच्याही यशाला चोवीस तासांच्या आत फ्लेक्स लावतात. त्यांनी आष्ट्यात जाऊन तो छापून आणला आणि चौकात, दूध डेअरीच्या समोर, बांधला. वर लिहिलेलं, 'सातासमुद्रापार झेप'. मधे मी हाताची घडी घालून. खाली शुभेच्छुकांची तोंडं, त्यांत अण्णांचं माझ्यापेक्षा मोठं. छापणाऱ्यानं असला चेंडू कधी बघितला नव्हता, म्हणून त्यानं माझ्या पायाशी साधा गोल फुटबॉल ठेवला आणि शंका नको म्हणून शेजारी एक कांगारू.

त्या महिन्याभरात आबा माझ्याशी जेवढं बोलले तेवढं आधीच्या सत्तावीस वर्षांत बोलले नव्हते. पहाटे मला पळायला काढायचे आणि मागनं सायकलवर यायचे. मी दमलो की सायकलची घंटी. फौजेतल्या गोष्टी सांगितल्या, ज्या आईलाही माहीत नव्हत्या. चेंडू हातात घेऊन दाबून बघितला आणि म्हणाले, "ह्याला टप्पा कुठं पडंल ते ह्यालाच म्हाईत न्हाई." मी हसलो. तेही हसले. त्या सुखात मी रोज ठरवायचो की उद्या खरं सांगू, आणि रोज सायकलची घंटी वाजायची.

चाचणीच्या दिवशी साताऱ्यात असा पाऊस की मैदानावर भात लावावा. बत्तीस जणांच्या दोन बाजू केल्या. निवड करायला बाहेरून एक गृहस्थ आलेले, हिंदी बोलणारे, छत्रीखाली वही घेऊन. मला काम दिलं होतं एका उंच बंगाली गड्याला अडवायचं. पहिल्याच वेळेला तो चेंडू घेऊन आला आणि मी वाकून त्याच्या दोन्ही पोटऱ्यांना मिठी घातली. कुस्तीत ह्याला पट काढणं म्हणतात, आणि माझा पट जिल्ह्यात नावाजलेला. पंचानं शिट्टी मारली. गुडघ्याच्या खाली धरलं. चेंडू त्यांना. दुसऱ्या वेळेला पुन्हा पट, पुन्हा शिट्टी. सर कडेवरनं ओरडत होते, वर धर, वर. वीस वर्षांची सवय म्हणत होती, खाली.

शेवटची काही मिनिटं उरली. आमची बाजू दोन गुणांनी पुढं होती. बंगाली पुन्हा सुटला, आणि ह्या वेळी मी देवाचं नाव घेऊन त्याला कमरेला धरला, उचलला आणि चिखलात उताणा घातला. दोन्ही खांदे जमिनीला. असा स्वच्छ चीतपट मी जत्रेत एकदाही मारला नव्हता.

आणि मी त्याला सोडला.

तालमीत आबांनी आम्हा सगळ्यांना पहिली गोष्ट शिकवली होती ती ही: पाठ लागली की सोड. पडलेल्याला दाबून धरतो तो पैलवान न्हाई, खाटीक. ते रक्तात इतकं भिनलेलं की मी नुसता सोडून थांबलो नाही. मी उठलो, मांडीवर थाप मारली, एक हात वर केला आणि सवयीनं वस्तादांच्या पाया पडायला कडेकडं चालू लागलो. कडेला वस्ताद नव्हते. सर होते, आणि त्यांनी डोक्याला हात लावला होता. माझ्या मागं बंगाल्यानं चिखलात पडल्या पडल्या चेंडू मुठीनं ठोसून सोबत्याला दिला होता, आणि त्या सोबत्यानं तो दोन खांबांच्या मधून घातला होता.

छत्रीवाले गृहस्थ जवळ आले. त्यांना राग आला नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. म्हणाले, "छोड़ा क्यों?"

मी म्हणालो, "गिर गया था."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होते.

सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तू राखीव आहेस; कुणाला ऐन वेळी दुखापत झाली तर तुझा नंबर. बुडत्याला काडी मिळावी तसा मी त्या शब्दाला लटकलो. पुढचे दिवस मी चोवीस माणसांच्या घोट्यांचा विचार करत जगलो. मी वाईट माणूस नाही. मला कुणाचं हाड मोडायला नको होतं. नुसती एखादी मुरगळ, आठवडाभर हळद लावली की बरी होणारी. गावच्या देवळात मी नारळ फोडला तो ह्यासाठी, आणि शेजारी उभ्या आईला वाटलं पोरगं देशासाठी फोडतंय.

निरोपाचा कार्यक्रम तालमीत झाला. आबांनी स्वतः मला फेटा बांधला. मग आखाड्यातली चिमूटभर लाल माती, तेल-ताक-हळदीनं मळलेली, त्यांनी कागदाच्या पुडीत बांधली आणि माझ्या खिशात घातली. म्हणाले, "तिथल्या मैदानात टाक. मग ते मैदान परकं ऱ्हायाचं न्हाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पुडीवर हात ठेवून उभा होतो. तेव्हा सांगता आलं असतं. तेव्हा सांगणं फक्त अवघड होतं. पुढं ते अशक्य झालं.

साताऱ्याहून सर आणि आमच्याकडचे चार खेळाडू गाडीनं मुंबईला निघाले तेव्हा मीही बॅग घेऊन हजर. चौघं एकेक करून गाडीत चढताना मी त्यांचे पाय बघत होतो. तिसरा पायरीवर अडखळला. मी बॅग उचलली. त्यानं बुटाची नाडी बांधली आणि तो आत जाऊन बसला. सर काचेतून म्हणाले, "घरी जा. फोन चालू ठेव."

घरी कुठला जातो. साताऱ्यात तालमीतला माझा एक जुना जोडीदार पेढ्यांच्या दुकानात खवा आटवायच्या कामाला होता. त्याच्या खोलीवर मी बॅग टाकली आणि सोळा दिवसांसाठी परदेशी गेलो.

त्यानं मला समजावलं. "गावाकडं जा. काय व्हईल? आबा बोलायचं बंद करतील. ते आधीबी बोलत नव्हतं."

"आता बोलत्यात रं," मी म्हणालो.

त्यानं पेढ्याचा पुडा पुढं सरकवला. पुढचे दिवस मी खोलीत बसून पेढे खाल्ले. दिवसा बाहेर पडायची सोय नाही. साताऱ्यात आमच्या तालुक्याचं कुणी ना कुणी कामाला आलेलंच असतं. एकदा खालच्या चहाच्या गाड्यावर आष्ट्याचा एक माणूस दिसला तर मी अर्धा तास संडासात उभा राहिलो. संघाच्या ग्रुपमधून मला कुणी काढलं नव्हतं, त्यामुळं तिथले फोटो येत आणि मी ते आईला पाठवत असे. हिरवंगार मैदान. निळे बनियन. लायनीत उभे चोवीस जण. आईनं विचारलं, तू कुठं हाईस? मी म्हटलं, फोटो मीच काढला. दुसऱ्या दिवशी सामन्याचा फोटो. मी म्हटलं, हाबी मीच काढला. तिसऱ्या दिवशी तिनं फोन केला.

"समदं फोटू तूच काढतोस व्हय? मग खेळतंय कोन?"

मी म्हणालो, आळीपाळीनं काढतो. ती एवढंच म्हणाली की आबा पारावर बसून सगळ्यांना फोटो दाखवतात आणि मधला तू, असं सांगतात. लांबनं दिसत न्हाई, म्हणतात, पन उभं ऱ्हान्याची ढब वळखू येती.

ते ऐकून मी पेढा खाली ठेवला. तिथं आल्यापासून पहिल्यांदा.

संघ तिकडं हरत होता. मी इकडं प्रत्येक सामन्यानंतर आबांना फोनवर हरण्याची कारणं सांगत होतो. आबा म्हणायचे, हरू दे, तुझी पकड कशी झाली ते सांग. मग मी पकडी रचायचो. त्यांना एकेक पकड दोनदा ऐकायची असे, आणि दुसऱ्यांदा सांगताना पहिली आठवायची म्हणून मी त्या पेढ्याच्या पुड्यावर लिहून ठेवत होतो.

मग अण्णांचा फोन आला. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदन झालं की आपला खेळाडू ऑस्ट्रेलियातून थेट बोलणार, व्हिडिओवर, भिंतीवर पडदा लावून. हेडमास्तरांना सांगून झालंय. मी म्हटलं, तेव्हा आमचा सराव असतो. अण्णा म्हणाले, देशापेक्षा मोठा सराव कसला रं?

दोन दिवस मी आणि जोडीदार ऑस्ट्रेलिया शोधत होतो. खोलीत शक्य नव्हतं. भिंतीवर दुकानाचं कॅलेंडर. शेवटी त्याला बामणोलीच्या रस्त्यावरचा यवतेश्वरचा घाट सुचला. साताऱ्याच्या डोक्यावर, ऑगस्टात धुक्यानं भरलेला, हिरवं गवत आणि पुढं नुसतं पांढरं. तिकडं आत्ता थंडी, इकडं धुकं; जमतंय, तो म्हणाला. पंधरा ऑगस्टला सकाळी मी कानटोपी आणि जाकीट घालून रस्त्याच्या कडेला गवतात उभा राहिलो. जोडीदारानं फोन धरला आणि म्हणाला, "तोंड पाड जरा. लय खाल्लेलं दिसतंय."

फोन लागला. फोनच्या पडद्यावर मला शाळेचं पटांगण दिसलं, पोरांच्या रांगा, मागं आया-बाया. पुढच्या रांगेत खुर्चीवर आबा. डोक्यावर फौजेची टोपी, कोटावर पदकं. मी तो कोट फक्त दोनदा बघितला होता. हेडमास्तरांनी माझं स्वागत केलं. खालच्या वस्तीतल्या शाळेत भोंग्यावर देशभक्तीचं गाणं लागलेलं, ते धुक्यातून वर येत होतं. हेडमास्तर म्हणाले, तिकडंही झेंडावंदन चाललेलं दिसतंय. मी म्हटलं, होय, इकडं आपले लोक बरेच आहेत. टाळ्या. आईनं पदर डोळ्याला लावला. अण्णांनी माईक ओढून विचारलं, हवा कशी हाय? मी म्हटलं, गार. पुन्हा टाळ्या. मला वाटू लागलं की निभावलं.

तेवढ्यात धुक्यातून एस.टी. आली.

मला ती दिसली नाही, ती माझ्या पाठीमागून आली. मला फक्त जोडीदाराचं तोंड दिसलं. मी बाजूला होईपर्यंत ती लालभडक गाडी माझ्या खांद्यामागून सावकाश, वळणावर दम घेत, सगळ्या पडद्याभर गेली. पटांगणात कुणी हललं नाही. अण्णांच्या हातात माईक अजून होता आणि त्यांना पाटी दिसली की वाचायची सवय आहे.

"बामणोली," अण्णांनी वाचलं. भोंग्यावर. सगळ्या गावाला.

पडद्यात मला फक्त आबा दिसत होते. ते उठले. आपली खुर्ची उचलली, घडी केली, भिंतीला लावून ठेवली आणि रांगेच्या कडेकडेनं, पोरांना धक्का न लागू देता, बाहेर गेले. फोन मी बंद केला की जोडीदारानं, ते आठवत नाही.

त्याच दिवशी मी निघालो. कऱ्हाडला गाडी बदलली. खिडकीशी बसून रस्ताभर मी आबांना सांगायची वाक्यं जुळवत होतो आणि पेठ नाक्यापर्यंत त्यांतलं एकही वाक्य टिकलं नाही. गावात उतरलो तर डेअरीसमोर चार जण बसलेले. एक जण घड्याळ बघून म्हणाला, "आस्ट्रेलियाची एस.टी. येळंवर आली गड्या." दुसरा म्हणाला, जागा मिळाली का बसायला? मी मान खाली घालून पुढं गेलो. वर फ्लेक्सवर मी हाताची घडी घालून उभाच होतो.

आबा तालमीत होते, एकटे, फावड्यानं आखाड्याची माती उकरत. मी चपला काढून दारात उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. कागद, चाचणी, राखीव. बंगाल्याची गोष्ट सांगायला लागलो तेव्हा त्यांचं फावडं थांबलं. "पाठ लागली व्हती," मी म्हणालो. "दोन्ही खांदं. म्हनून सोडला." ते कुणी शिकवलं हे मी म्हणालो नाही. त्यांच्यावर ढकलायचा विचार रस्त्यात एकदा आला होता, तोही पेठ नाक्याला उतरून गेला.

आबांनी हात पुढं केला. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण हात उघडा होता. मी खिशातून पुडी काढून दिली. त्यांनी ती सोडली, माती आखाड्यात टाकली, फावड्यानं वरखाली करून मिसळली आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली. मग दिवा मालवून माझ्या अंगावरून निघून गेले.

पुढचे पाच दिवस आमच्या घरात शब्द नव्हता. ह्या वेळी म्हशीलाही काही सांगणं नव्हतं, आणि तेच मला सोसवेना. पूर्वीच्या अबोल्यात राग तरी होता. आता ते जेवायचे, उठायचे, आणि मी ताटाला ताट लावून बसलेलो असताना माझ्याकडं असे बघायचे की तिथं भिंत असावी. आई दोघांना वाढून आत जायची. पारावर ते जात नव्हते. अण्णांनी फ्लेक्स उतरवला, आणि चांगलं जाड प्लास्टिक वाया कशाला घालवायचं म्हणून गोठ्याच्या गळक्या पत्र्यावर टाकला. आता दावणीशी उभं राहून वर बघितलं की फटीतून माझा अर्धा चेहरा आणि पूर्ण कांगारू दिसायचा. मी इस्लामपूरला खोली घेऊन राहायचं ठरवलं. बॅग भरलेलीच होती.

सहाव्या दिवशी सकाळी मी शेवटचं म्हणून शेण काढत होतो. आबा गोठ्यात आले. बराच वेळ म्हशीच्या पाठीवर हात फिरवत उभे राहिले. मी शेणाची पाटी उचलली आणि निघालो.

"इचार त्याला," ते म्हशीला म्हणाले. "पाठ लागल्यावरबी सोडायचं न्हाई, तर त्या खेळात सोडायचं कवा?"

माझ्या हातात पाटी. मी म्हशीला सांगितलं, "पंचानं शिट्टी मारल्यावर."

आबा विचार करत राहिले. वीस-बावीस वर्षं पोरांना शिकवलेली पहिली गोष्ट ते मनात उलटीसुलटी करून बघत होते, हे मला त्यांच्या हातावरून दिसत होतं. हात म्हशीच्या पाठीवर एका जागी थांबला होता. मग त्यांनी तो काढला आणि माझ्याकडं बघितलं. भिंतीकडं नाही, माझ्याकडं.

"आन् पंचाचं ध्यान नसलं, शिट्टी मारलीच न्हाई, तर?"

"तर धरून बसायचं, आबा."

त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, पाटी खाली ठेव, वास येतोय.